मुक्या जिवाचा उपास

आपल्या सीमाभागात एक शब्द असा आहे, की तो ज्या घरात उच्चारावा त्या घराप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. मराठी घरात 'हल्ली' म्हणजे आजकाल. कन्नड घरात 'हल्ली' म्हणजे भिंतीवरची पाल. त्यातला 'ल' जरा जड झाला की 'हळ्ळी' होते आणि पालीचे एकदम खेडे होते. नव्याने कन्नड शिकणाऱ्या मुलांची या शब्दांत होणारी तारांबळ मी तीस वर्षे वर्गात ऐकत आलो आहे. पण शब्द वेगळे असले तरी या जातीच्या प्राण्याकडे पाहण्याची दोन्ही भाषांची रीत मात्र एकच आहे. मराठीत शंकेची पाल चुकचुकते, कन्नडमध्ये 'हल्लीशकुन' पाहतात. पाल कोणत्या खांद्यावर पडली यावरून लाभ की हानी हे सांगणारी कोष्टके दोन्ही भाषांतल्या पंचांगांत सापडतात. मत बदलणारा माणूस सरड्यासारखे रंग बदलतो, हट्टी पाहुणा घोरपडीसारखा चिकटतो आणि अल्पशक्तीचा पुरुष कुंपणापर्यंतच धावतो.

या सगळ्या म्हणी माणसाविषयी आहेत. सरड्याविषयी त्यात काहीही नाही. बागेतल्या नर सरड्याचे डोके आणि गळा विणीच्या काळात लालभडक होतो, तेव्हा तो कोणाला फसवत नसतो. माद्यांना आणि दुसऱ्या नरांना तो स्वतःची ओळख देत असतो. म्हणजे आपण ज्याला ढोंग म्हणतो ती त्याची उघड साक्ष असते. ज्या जिवाला आपण पिढ्यान् पिढ्या आपल्याच गोष्टी सांगण्यासाठी राबवले, त्याच्या मनातले आपल्याला खरोखर काही कळते का, आणि कळत नसेल तर त्याच्याबाबत आपले कर्तव्य काय, हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या कॅम्पात, शेजारच्या घरामुळे नव्याने पडला.

कॅम्पातली जुनी घरे वाचकांनी पाहिलेली असतील. कौलारू छपरे, उंच भिंती, पुढे झाडांची दाट सावली. उन्हाळ्यात स्वर्ग आणि थंडीत गारठा. आमच्या शेजारच्या अशाच एका घरात एक त्रिकोणी-चौकोनी कुटुंब राहते. आई मराठी, वडील कन्नड भाषक, नववीतला मुलगा दोन्ही भाषांत सारखाच वाचाळ, आणि वडिलांची आई म्हणजे अज्जी. अज्जी खेड्यातून आलेल्या. त्यांना मराठी समजते, पण बोलताना त्या कन्नडच बोलतात.

या मुलाने एक इग्वाना पाळला होता. इग्वाना म्हणजे मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण प्रदेशात झाडांवर राहणारा मोठा हिरवा सरडा. शेपटीसकट तो पाच फुटांपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. आपली घोरपड पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींसाठी सरकारकडे नोंद करावी लागते, ती मुलाच्या वडिलांनी केली होती. दुकानदाराने 'नर आहे' म्हणून सांगितले, मुलाने ऐटीत नाव ठेवले 'बाजी'. पाल-सरडा म्हटले की किडे खाणार असे आपण धरून चालतो, पण बाजी शुद्ध शाकाहारी. शेवग्याचा पाला, भोपळ्याचा कीस आणि जास्वंदीची फुले यांवर तो चार वर्षे सुखाने वाढला.

त्या जानेवारीत बाजीचे खाणे कमी झाले. आधी पाला उरू लागला, मग जास्वंदही उरू लागली आणि पंधरा दिवसांत त्याने तोंड पूर्ण फिरवले. एरवी दिवसभर फांदीवर सुस्त पडून राहणारा हा प्राणी काचेच्या पेटीत येरझारा घालू लागला. कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी तळाची फरशी खरवडू लागला. रात्रीच्या शांततेत तो आवाज आमच्या व्हरांड्यापर्यंत येई.

आता घरातल्या प्रत्येकाने या उपासाचा अर्थ लावला. मुलगा म्हणाला, परीक्षेमुळे मी वेळ देत नाही म्हणून बाजी रुसला आहे. आईला वाटले की गेल्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांपैकी कोणाची तरी नजर लागली. पेटी खरवडतो आहे म्हणजे त्याला बाहेर पडायचे आहे, कैदेला कंटाळला आहे, असे एका पाहुण्याने ठामपणे सांगितले. वडील व्यवहारी. त्यांनी थंडीला दोष दिला.

वडिलांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे सांगितले पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे आणि जानेवारीत रात्रीचा पारा पंधराच्या आसपास उतरतो. आपले रक्त आतून तापते. सरड्याला ऊब बाहेरून, उन्हातून घ्यावी लागते. ऊब नसेल तर त्याच्या पोटातले अन्न पचत नाही, तसेच पडून राहते आणि सडते. म्हणून थंडीत सरपटणाऱ्या प्राण्याने अन्न नाकारणे हा बहुधा शहाणपणा असतो. त्याखेरीज कात टाकताना त्याची भूक मंदावते. जागा बदलली तरी मंदावते. विणीच्या काळात नर खाणे सोडतो आणि चिडका होतो. उन्हातले अतिनील किरण मिळाले नाहीत तर अंगात चुना मुरत नाही, हाडे मऊ पडतात आणि खाणे सुटते. म्हणजे 'खात नाही' या एका वाक्याचे निदान अर्धा डझन अर्थ निघतात, आणि त्यांपैकी रुसवा हा अर्थ जवळजवळ कधीच नसतो.

वडिलांनी पेटीवर तापता दिवा लावला. पेटी उबदार झाली, पण बाजीने खाल्ले नाही. तेव्हा आईने सिरिंजमधून पातळ पेज भरवायचे ठरवले.

*

इथे मी जरा थांबतो, कारण या पेजेमागे आपली अख्खी संस्कृती उभी आहे. आपल्याकडे प्रेमाचे दुसरे नाव आग्रह. पंगतीत जिलबीचा आग्रह, आजाऱ्याला 'दोन घास तरी खा'चा आग्रह, माहेरवाशिणीला निघताना पिशवीभर आग्रह. जो खातो तो आपला. जो पान बाजूला सारतो त्याच्या मनात काहीतरी आहे. शिवाय आपल्या भूमीत न जेवणे हे फार मोठे बोलणे ठरलेले आहे. गांधीजींनी १९२४ च्या सप्टेंबरात हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते आपल्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून इथे आले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावले. निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्या व्रताची आठवण आपल्या भागातल्या जैन घरांत आजही आदराने काढतात. राजकारण्याचा उपवास, भक्ताचा उपवास, मुनीचा उपवास! प्रत्येक उपवास कोणाला तरी काही तरी सांगतो.

त्यामुळे ताट परत आले की ते आपल्यालाच उद्देशून परत आले आहे, असे आपल्याला वाटते. रुसवा, निषेध, वैराग्य हे सगळे अर्थ आपल्या शब्दकोशात तयार असतात. पण सरड्याच्या उपासाला प्रेक्षक नसतो. त्याने आपल्याविरुद्ध काही केलेले नसते आणि आपल्यासाठीही केलेले नसते.

पशुवैद्यांनी फोनवर पेजेला साफ मनाई केली आणि जनावर तपासायला आणायला सांगितले. जायचे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरले. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. चर्चा पुन्हा रुसवा आणि थंडी यांच्यामध्ये फिरत होती. एवढ्यात कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या अज्जी शांतपणे म्हणाल्या, "अदक्क मण्ण बेकु, तम्मा."

त्याला माती हवी आहे.

अज्जींनी आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. पण निव्वळ कोंबड्यांवरून त्यांनी हे ओळखले नव्हते. घरातले सगळे शाळा-कचेरीला गेले की दुपारभर त्या आणि ती पेटी, दोघेच घरात असत. त्यांनी पाहिले होते की तो पाणी पितो, डोळे तरतरीत आहेत, पोट मात्र उपाशी जिवासारखे खपाटीला न जाता उलट दोन्ही बाजूंनी फुगले आहे. आणि तो काच खरवडत नाही. काचेला तो डोके लावतच नाही. तो खाली, फक्त खालीच खरवडतो. बाहेर जायचे असते तर त्याने काचेवर पाय टाकले असते. त्याला खणायचे होते.

दुसऱ्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रात पोटभर अंडी दिसली. बाजी मादी होती. इग्वानाची मादी वयात आली की नराशिवायही अंडी धरते. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पोटात अन्नाला जागाच उरत नाही, म्हणून ती खाणे थांबवते आणि अंडी पुरण्याजोगी ओलसर, उबदार, खोल माती शोधू लागते. ती माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकू शकतात आणि मादी त्यात दगावू शकते. आपल्या मते रुसलेला, नजर लागलेला, कैदेला विटलेला, गारठलेला तो जीव एका निकडीच्या कामाला लागला होता, आणि त्या कामाला लागणारी एकमेव वस्तू त्या सुसज्ज पेटीत नव्हती.

अंगणात पडलेली प्लॅस्टिकची जुनी टाकी आडवी केली, तिच्यात लाल माती आणि वाळू कालवून भरली, वर दिवा लावला. बाजीने दोन दिवस भुयार खणले आणि तिसऱ्या दिवशी चौतीस अंडी घातली. मग वळून तिने ती माती पुन्हा लोटली आणि वरून दाबून बसवली. आठवड्याभराने, अंगाची नुसती काडी झालेली ती, जास्वंदीचे फूल खात होती.

*

अज्जींना जे दिसले ते इतरांना का दिसले नाही? माझ्यातल्या भाषा-शिक्षकाला याचे एक कारण व्याकरणात सापडते. मराठीत नाव ठेवले की लिंग चिकटते. 'बाजी आला', 'बाजी रुसला' असे चार वर्षे म्हणत राहिल्यावर बाजीला अंडी होतील हे मनात येण्याची वाटच बंद होते. कन्नडमध्ये मनुष्येतर प्राण्याला 'अदु', म्हणजे 'ते'. अज्जींच्या वाक्यात तो नव्हता आणि तीही नव्हती. त्यामुळे त्यांची नजर मोकळी राहिली. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहण्याचा हा एक फायदाच म्हणायचा. एका भाषेने जिथे डोळ्यांवर झापड घातली असेल तिथे दुसरी कधी कधी ती दूर करते.

पण खरे कारण याहून खोल आहे. दुसऱ्या जिवाशी कसे वागावे याचा आपल्या परंपरेने दिलेला उत्तम नियम म्हणजे आत्मौपम्य. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो आहे. जैन विचाराचा तर तो पायाच आहे. स्वतःवरून दुसऱ्याचे सुखदुःख जाणावे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने सतराव्या शतकात प्राण्यांना यंत्रे मानले. त्या मानाने आपला हा नियम कितीतरी उदार आणि, आजच्या शास्त्राकडे पाहता, सत्याच्या कितीतरी जवळचा. तरीही शेजारच्या घरात फसले ते आत्मौपम्यच. मुलगा स्वतः रुसतो म्हणून त्याला रुसवा दिसला. आईला स्वतःच्या आजारात पेजेने बरे वाटते म्हणून पेज. पाहुण्याला कोंडलेपण सहन होत नाही म्हणून कैद. तिघांचाही जीव कळवळला होता, आणि तिघेही तिच्या जागी स्वतःला बसवून पाहत होते. बाजीच्या जागी बाजी कोणी ठेवलीच नव्हती.

अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेल याने १९७४ साली एक गाजलेला निबंध लिहिला. वटवाघूळ असणे कसे वाटते, हा त्याचा प्रश्न. वटवाघळासारखे मी उलटा लटकलो, अंधारात उडालो अशी कल्पना केली तरी मला फार तर 'मी वटवाघूळ झालो तर मला कसे वाटेल' एवढेच कळेल. वटवाघळाला कसे वाटते ते त्यापलीकडेच राहील. इग्वानाचे तसेच आहे. तिला आपल्याला न दिसणारे अतिनील रंग दिसतात. तिच्या माथ्यावर एक बारीक तिसरा डोळा असतो. त्याला आकृती दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली कळते. वरून ससाणा आला की आधी तो डोळा सावध होतो. आपण तिसऱ्या डोळ्याची पूजा करतो, पण तो असणे कसे वाटते हे आपल्याला कल्पनेनेही कळायचे नाही.

म्हणून मला आत्मौपम्याचे दोन भाग करावेसे वाटतात. दुसऱ्याला दुःख आहे, हे ओळखायला स्वतःचा अनुभव पुरतो. ते दुःख कशाचे आहे आणि त्याला काय हवे, हे ओळखायला तो पुरत नाही. तिथून पुढे पाहावे लागते, विचारावे लागते, वाचावे लागते, वाट पाहावी लागते. पहिल्या भागाला दया म्हणतात. दुसऱ्या भागाला आपल्याकडे वेगळे नाव नाही, आणि नाव नसल्यामुळे तो अनेकदा गळून जातो. दया वाटली की आपले कर्तव्य झाले असे आपण मानतो, आणि पेज भरवायला घेतो.

कोणी म्हणेल, अज्ञान म्हणजे काही पाप नव्हे. रानातल्या सरड्याबाबत ते खरे आहे. कुंपणावरच्या सरड्याला काय हवे हे मला ठाऊक नसले तरी त्याचे काही अडत नाही. ऊन त्याचे, माती त्याची, पाय त्याचे. पण ज्या क्षणी मी त्याला पेटीत ठेवले त्या क्षणी त्याचे ऊन, त्याचा पाऊस, त्याची माती हे सगळे माझ्या हातात आले. आता माझे अज्ञान हे त्याचे हवामान झाले. ज्याचे जगणे आपल्या मुठीत आहे त्याच्याविषयी न जाणून घेणे याला निरागसपणा म्हणता येत नाही. सत्ता जितकी पूर्ण, तितके जाणून घेण्याचे कर्तव्य पूर्ण. मग असा प्राणी पाळूच नये का? जो हे कर्तव्य पंधरा-वीस वर्षे पेलणार नसेल त्याने पाळू नये, असे मला स्पष्ट वाटते. आणि बहुतेक जण ते पेलत नाहीत.

हे फक्त सरड्यापुरते नाही, हे शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मी सहशिक्षक असताना एका शाळेत आठवीतली एक मुलगी डबा खाईनाशी झाली. पाणीही पिईना. वर्गात गप्प. तिची मातृभाषा कन्नड, शाळा मराठी. त्यामुळे 'तिला इथे परके वाटते' हा निष्कर्ष शिक्षकखोलीत पटकन निघाला. कोणी घरच्या भांडणाची शंका काढली, कोणी हट्टीपणाची. शिवणाच्या बाईंनी महिनाभर काही न बोलता तिच्याकडे पाहिले आणि मग मुख्याध्यापकांना एवढेच सांगितले, की मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. कडी बसवली आणि मुलगी जेवू लागली. तिला समुपदेशन नको होते, भाषा-सौहार्दही त्या घडीला नको होते. तिला कडी हवी होती. वयोवृद्धांच्या बाबतीत तर हे रोज घडते. आजोबा जेवत नाहीत म्हणून घरात तत्त्वज्ञान सुरू होते, आणि कवळी हिरडीला लागते आहे हे कोणी पाहत नाही.

बाजीने अंडी घातली त्या दिवशी शेजारच्या मुलाने मला विचारले, "सर, या अंड्यांतून पिल्ले येणारच नाहीत. मग तिने एवढा जीव का टाकला?" प्रश्न चांगला होता, आणि त्याला शास्त्राचे उत्तर सोपे आहे. अंडी रिकामी आहेत हे तिचे शरीर जाणत नाही. पण नीतीच्या बाजूने मला त्यात आणखी काही दिसते. तिची गरज आपल्या हिशेबाला बांधलेली नव्हती. त्यातून काही निष्पन्न होईल तरच माती द्यायची, असा सौदा त्यात नव्हता. निष्फळ गरजही गरजच असते. मरणाऱ्या माणसाला खिडकीशेजारची खाट हवी असते, तेव्हा तिने त्याचे आयुष्य वाढणार आहे का असे आपण विचारत नाही. निदान विचारू नये.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण लहान माणसाला हिणवण्यासाठी वापरतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी मुले-नातवंडे जमली असतील. त्यांच्यापैकी कोणी ताट बाजूला सारले, कोणी गप्प झाले, कोणी एकाच कोपऱ्यात काही तरी खरवडत बसले, तर आग्रहाचा डाव उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे, की कुंपण कोणी घातले आहे आणि त्याच्या आत काय ठेवायचे राहून गेले आहे.